न्यू-शापेलच्या चर्चचा इतिहास शोधायचा तर

उत्तर फ्रान्समधल्या लीलला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना न्यू-शापेलचं भारतीय सैनिकांचं स्मारक दाखवायला नेतोच. ते बघून झालं की गावात वळा आणि चर्चपाशी थांबा. चर्च दिसायला साधंच. पहिल्या महायुद्धात, मार्च 1915 च्या लढाईत हे गाव जमीनदोस्त झालं. आत्ताची इमारत युद्धानंतरची. या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत हेच घडलं, त्यामुळे शोधायची पद्धतही सगळीकडे सारखीच.

आधी 1914 पूर्वीचं पोस्टकार्ड मिळवा. जुन्या बाजारात अशी कार्डं ढिगाने असतात. ते हातात धरून मनोरा, दार, खिडक्या ताडून बघा. मग भिंतीजवळ जा. 1920 च्या दशकातल्या बांधकामात बाहेरून वीट आणि आत काँक्रीट असा प्रकार पुष्कळदा सापडतो. पोपडा उडालेल्या जागी गंजलेली सळई दिसली, तर ‘मध्ययुगीन’ कमानीचं वय लगेच कळतं!

किल्लीची चौकशी मेरीत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायत कचेरीत करा. चर्च आणि सरकार वेगळं करणाऱ्या 1905 च्या कायद्यानंतर गावोगावची जुनी चर्च गावाच्या मालकीची झाली. छप्पर गळलं तरी खर्चाचा प्रश्न आधी सरपंचापुढे येतो. कचेरी ठरावीक वेळीच उघडी असते, तेव्हा आधी फोन करा. तिथे 1919 नंतरची ठरावांची वही मागा.

खरा खजिना मात्र आरासजवळच्या जिल्हा अभिलेखागारात. ‘व्ही’ मालिकेत 1906 च्या मोजदादीचे कागद बघा. त्याच 1905 च्या कायद्यामुळे सरकारी माणसं चर्चमधल्या वस्तूंची यादी करायला आली तेव्हा लोक खवळले होते. शेजारच्या नोर जिल्ह्यात बोशेपला तर एक माणूस मेला आणि पॅरिसमधलं सरकार पडलं. मग ‘आर’ मालिकेत युद्धभरपाईची प्रकरणं, म्हणजे ‘दोमाज द गेर’, शोधा. 17 एप्रिल 1919 च्या कायद्याने नुकसानभरपाई मिळू लागली. दोन्ही कागद हाती लागले, तर शेजारी ठेवून वाचा: घंटा, बाकं, मेणबत्तीची घरं. काय होतं, काय गेलं आणि कशाचे पैसे मागितले, सगळं कळतं. मला तरी दगडविटांपेक्षा हे कागद जास्त बोलके वाटतात.

जुन्या फोटोत हातपाय तुटलेली येशूची मूर्ती दिसली, तर ती गावात शोधू नका. ती 1958 मध्ये पोर्तुगालला दिली गेली. आता बताल्याच्या मठात आहे.