शिट्टी नसलेला कुकर आणि गोठलेलं चिकन: या चुका टाळा

रविवार, दुपारचे पावणेदोन. वर्ध्याहून नणंद आणि तिचे मिस्टर येऊन बसलेले, ज्वारीच्या भाकऱ्या टोपल्यात तयार, आणि मी नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमधल्या चिकनला सुरी लावली तर आत करकर वाजलं. बर्फ! कडेचे तुकडे हाडापासून सुटून रश्श्यात विरघळायला आलेले, आणि मधले चार एकमेकांना घट्ट धरून बसलेले, गुलाबी, गार. सासूबाईंनी डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "शिट्टीच नाही वाजत याची, मग शिजलं हे समजते कसं?"

उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मी कुकरला शिव्या घातल्या, मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीने "मॅडम, रेसिपी बुक बघा" म्हणून बोळवण केली. बुकात लिहिलं होतं, फ्रोझन चिकन, १२ मिनिटं. सुटे तुकडे की अख्खा गोळा, याबद्दल चकार शब्द नाही. आता दोन वर्षं या कुकरवर हात बसल्यावर सांगते: त्या दिवशी कुकरची काहीच चूक नव्हती. चूक आदल्या रविवारी झाली होती, फ्रीजरपाशी.

गोळा करून गोठवणं

आपल्याकडे काय होतं? सकाळी दुकानातून किलोभर चिकन कापून आणायचं, अर्धं त्या दिवशी करायचं, उरलेलं त्याच काळ्या पिशवीत गाठ मारून फ्रीजरमध्ये ढकलायचं. दोन दिवसांनी त्याची वीट होते. ती वीट कुकरात गेली की वाफ फक्त बाहेरून भिडते, आतला बर्फ तिला दिसतही नाही.

इथे थोडं शाळेतलं विज्ञान आठवा. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात, पण एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी करायलाच ८० लागतात, आणि तेवढ्या वेळात तापमान एक अंशही चढत नाही. चिकनमध्ये साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. वर दुसरी अडचण जाडीची. थर दुप्पट जाड झाला की आतपर्यंत ऊब पोचायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणून सात सेंटिमीटरच्या विटेला जे अर्ध्या तासात जमत नाही, ते अडीच सेंटिमीटरच्या थराला काही मिनिटांत जमतं. वीट शिजेपर्यंत थांबलात तर कडेच्या तुकड्यांचा पार चोथा होतो.

म्हणून आता मी करते ते असं. चिकन घरी आलं की झिपवाल्या पिशवीत तुकडे एका थरात पसरवते, हवा दाबून काढते आणि पिशवी ताटात आडवी ठेवून गोठवते. पाटीसारखी चपटी झाली की उभी करून रचता येते. शिजवायच्या वेळी ओट्याच्या कडेवर हलकेच आपटली की तुकडे सुटतात. अर्ध्या किलोची एक पिशवी, वर तारीख. यात वेळ किती जातो? चार मिनिटं. बाजारचं पॅकबंद फ्रोझन चिकन घेत असाल तर ट्रेच्या तळाशी रक्त शोषायला एक पांढरी चकती असते, ती आधी काढा. गोठल्यावर ती मांसाला अशी चिकटते की दिसतच नाही. माझ्या एका मैत्रिणीने ती रश्श्यासकट शिजवली होती.

आणि पिशवी विसरलात, वीट झालीच, तर ती तशी कुकरात घालू नका. गार पाण्यात बंद पिशवीसकट बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला साधारण अर्धा-पाऊण तास पुरतो. पूर्ण सुटायची गरज नाही, तुकडे एकमेकांपासून वेगळे झाले की झालं. अख्खी गोठलेली कोंबडी मात्र या कुकरात घालायच्या फंदात पडूच नका.

मिनिटं केव्हापासून मोजायची

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तुम्ही स्क्रीनवर १० दाबता ती १० मिनिटं लगेच सुरू होत नाहीत. आधी कुकर तापतो, वाफ धरतो, झाकणावरची छोटी पिन टुपकन वर येते, आणि त्यानंतर आकडा उलटा मोजायला लागतो. ताज्या चिकनला हे व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात, गोठलेल्याला पंधरा-वीस सहज. म्हणजे "दहा मिनिटांत चिकन" हे पोस्टरवरच. मिहानच्या (नागपूरच्या आयटी कंपन्यांचा भाग) ऑफिसातून साडेआठला घरी आलात आणि साडेआठलाच कुकर लावला, तर वाफ उतरून नऊ-सव्वानऊला जेवाल, हा हिशेब आधीच धरा. पिन वर येत नाही म्हणून पाच मिनिटांत झाकण हलवून बघणारे असतात. आमच्याकडे तो मान नवऱ्याचा.

गॅसवरच्या कुकरात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, बहुतेक इलेक्ट्रिक कुकरांत दाब थोडा कमी, म्हणून ११५ ते ११८. तेव्हा "तीन शिट्ट्या" चं गणित इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. माझे आकडे असे: बॉयलरचे रस्सा-तुकडे ताजे असतील तर ६ मिनिटं, सुटे गोठलेले असतील तर ९ ते १०. अख्ख्या तंगड्या गोठलेल्या, १५. ढोबळ नियम म्हणजे ताज्याच्या दीडपट. गावरानी कोंबडीला हे काहीच लागू नाही. तिला ताजी असतानाही वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात, आणि वय झालेली असेल तर तिची मर्जी.

स्क्रीनवर "बर्न" का येतं

सावजी रस्सा करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. हलबा कोष्ट्यांच्या घरांतून आलेली ही भाजी जवसाच्या तेलात, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं भाजून केलेल्या दाट मसाल्यावर उभी असते. तो मसाला आपण सॉटे मोडवर परततो, त्यात गोठलेलं चिकन टाकतो, झाकण लावतो, आणि सात मिनिटांत कुकर ओरडायला लागतो. कारण साधं आहे. या कुकराची काॅइल खाली असते, तळाला दाट मसाला चिकटलेला, वर बर्फ. वाफ बनायला पातळ पाणी तळाशी हवं, ते तिथे नाहीच. बर्फ वितळायच्या आत तळ करपतो.

लोक यावर पाणी ओततात, तेही चूकच. शिट्टीवाल्या कुकरातून वाफ सतत निसटते. यातून जवळपास काहीच निसटत नाही, उलट गोठलेलं चिकन स्वतःचं पाणी सोडतं. पाऊण लिटर ओतलंत तर तर्री सोडा, नुसतं सूप हाती येतं. कमीत कमी पाणी किती हे तुमच्या कुकरच्या पुस्तकात असतं, तीन लिटरच्या कुकराला बहुधा एक कप. तेवढंच घाला, जास्त नाही.

मी हा प्रश्न वेगळाच सोडवला, मसाला कुकरात घालतच नाही. एक कप पाणी, हळद, मीठ, आलं-लसूण आणि चिकन, एवढंच कुकरात. तोवर बाजूला गॅसवर कढईत जवसाच्या तेलात वाटण भाजायचं, सराट्याने तळ खरवडत, तेल सुटेपर्यंत. मग कुकरमधलं चिकन आणि त्याचं पाणी कढईत, झाकण न लावता पाच-सात मिनिटं उकळी, वरून सांबार. (पुण्याकडच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीवाल्या सांबाराचा इथे संबंध नाही.) मसाल्याला खरी चव कढईतच येते, आणि तर्रीही तिथेच वर येते. सगळं एकाच भांड्यात हवं असा हट्ट असेल तर मसाला परतून झाल्यावर कपभर पाणी घालून लाकडी सराट्याने तळ पूर्ण खरवडा, चिकन त्यावर ठेवा, टोमॅटोची प्युरी किंवा दाट वाटण सगळ्यात वरून घाला आणि ढवळू नका.

भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि पाहुणे आले की सगळेच विसरतात.

मे महिन्यातला ओटा

सकाळी कामाला जाताना चिकन ओट्यावर काढून ठेवायचं आणि संध्याकाळी शिजवायचं, ही सवय नागपुरात धोक्याची आहे. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. बाहेर तापमान ३२ च्या वर असेल तर कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर नको. आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. बाहेरचा थर वितळून कोमट झालेला असतो तेव्हा आतला बर्फ तसाच असतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. सोडवायचंच असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवा. नाहीतर सरळ गोठलेलंच शिजवा, कुकर घेतला तरी कशासाठी?

त्याच कारणाने कुकरचं उशिरा सुरू व्हायचं बटण मांसाला कधीच वापरायचं नाही. "गोठलेलं आहे, दुपारपर्यंत सुटेल, चारला आपोआप लागेल" ही युक्ती मलाही सुचली होती. आणखी एक, याच कुकरांत मंद शिजवण्याचा स्लो कुक मोड असतो. गोठलेल्या चिकनला तो बाद. त्या धोक्याच्या पट्ट्यातून ते फार सावकाश जातं.

उन्हाळ्यात अजून एक गंमत होते. सगळ्या गल्लीत कूलर आणि एसी चालू असतात, व्होल्टेज पडतं, आणि कुकर अर्धा तास झाला तरी पिन उचलत नाही. हा बिघाड नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते: २३० ऐवजी १८० मिळालं तर उष्णता जवळजवळ ४० टक्के कमी. अशा वेळी आधीच उकळलेलं पाणी घाला, काम बरंच लवकर होतं. आणि मधेच लाइट गेली तर? झाकण उघडू नका. दहा-पंधरा मिनिटांत आली तर पुन्हा लावा, नाही आली तर सगळं गॅसच्या कुकरात काढून शिट्ट्या काढा. अर्धवट शिजलेलं तसंच ठेवून "रात्री बघू" नको.

अमेरिकेहून भावाने कौतुकाने आणलेला कुकर असेल तर प्लग लावण्याआधी तळाची पट्टी वाचा. १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या सॉकेटला तो लावायचा नाही.

वाफ आणि गुलाबी हाड

टाइमर वाजला की लगेच वाफ सोडू नका. दहा मिनिटं आपोआप उतरू द्या, मग उरलेली सोडा. एकदम सोडली तर व्हॉल्व्हमधून पिवळे फवारे ओट्यावर उडतात आणि मांस आक्रसून रबरी होतं. पिन खाली पडल्याशिवाय झाकणाशी झटापट नाही.

शिजलं की नाही याची खात्री थर्मामीटरनेच. सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले पाहिजेत. हाडाजवळचा लाल-काळपट रंग बघून घाबरणारे पुष्कळ. बॉयलर कोवळा असतो, त्याची हाडं सच्छिद्र असतात. गोठल्यावर मज्जेतला रंग बाहेर झिरपतो आणि शिजल्यावर काळपट दिसतो. ७४ गाठले असतील तर ते खायला ठीक आहे. उलट मांस पांढरं दिसलं म्हणून शिजलं असंही नसतं. कमी पडलं असेल तर पुन्हा तीन मिनिटं लावा. भांडं गरम असतं, दाब लगेच धरतो. सासूबाईंना आता थर्मामीटरच आवडतो. "शिट्टीपेक्षा बरा, आकडा तरी दाखवते," म्हणतात, आणि वरणात पण खुपसून बघतात.

जाता जाता झाकणाच्या रबरी रिंगबद्दल. ती सिलिकॉनची असते आणि वास धरून ठेवते. आमच्याकडे एकदा शेवयांच्या खिरीला सावजी मसाल्याचा वास आला होता, तोही सोवळं पाळणाऱ्या आत्या जेवायला होत्या तेव्हा. तेव्हापासून दोन रिंगा आहेत, तिखटाची लाल आणि गोडाची पांढरी, आणि पांढरी वेगळ्या डब्यात राहते.