पथरी आहे? मग कॅन्सरच्या 'ब्लड टेस्ट'ची वाट बघू नका, आत्ता हे करा

आपल्या ग्वाल्हेरकडे पित्ताच्या पिशवीत पथरी असलेली एखादी काकू-मावशी प्रत्येक खानदानात सापडतेच, आणि या पिशवीचा कॅन्सर उत्तर भारतात जास्त, त्यातही बायकांना जास्त, म्हणून लिहितेय. रक्तातल्या मेटाबोलाइट (शरीराच्या कामकाजात तयार होणारे बारीक रेणू) आणि लिपिड म्हणजे फॅटवरून तो ओळखता येईल असं संशोधन चाललंय ते खरंय, पण नेहमीचं लिपिड प्रोफाइल म्हणजे ती टेस्ट नव्हे हं. प्रोफाइलमध्ये कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड असे मोजके आकडे येतात. संशोधक मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनवर शेकडो बारीक रेणू तपासतात, पित्तातली बाईल अ‍ॅसिड, अमिनो अ‍ॅसिड, कितीतरी प्रकारची फॅट, आणि कॅन्सरवाल्यांचं रक्त नुसत्या पथरीवाल्यांशी ताडून बघतात. अडचण अशी की पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी बाईल अ‍ॅसिड रक्तात वाढतात, कॅन्सर असो नसो. त्यामुळे खूप लोकांवर पडताळून झाल्याशिवाय यावर भरवसा नाही, कुणी आज पॅकेज विकलं तर पैसे देऊ नका. सीए १९-९ ही कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ततपासणी पण स्वतःहून करू नका, ३७ च्या वर आला की घरभर रडारड होते आणि तो साध्या काविळीतही वाढतो.

करायची ती सोनोग्राफी. सहा-आठ तास उपाशी राहून जा, म्हणजे पिशवी नीट भरलेली दिसते. रिपोर्टमध्ये फक्त 'पथरी आहे' एवढंच वाचू नका, पिशवीची भिंत ३ मिमीपेक्षा जाड आहे का, पॉलिप म्हणजे आतला कोंब १० मिमी किंवा मोठा आहे का, खडा ३ सेंमीच्या वर गेलाय का ते बघा, यातलं काही असलं किंवा वजन घटतंय, डोळे पिवळे दिसतायत तर घरगुती काढे थांबवून थेट सर्जनकडे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच जण विचारतच नाहीत: ऑपरेशन झालं की डबीत खडे दाखवतात आणि आपण खूश होतो, पण काढलेली पिशवी बायोप्सीला गेली का? ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा की पिशवी लॅबला पाठवायचीच, कारण कितीतरी जणांचा कॅन्सर तिथेच पहिल्यांदा कळतो. रिपोर्ट स्वतः जाऊन आणा, फाइलमध्ये कोंबू नका. कॅन्सर निघालाच तर तो भिंतीत किती खोल गेलाय त्यावर दुसरं ऑपरेशन लागेल का ते ठरतं, म्हणून रिपोर्ट आणि लॅबमधल्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड घेऊन त्याच आठवड्यात कॅन्सर सर्जनला भेटा.