फॉयर्सचा धबधबा पाहायचाय? पाऊस पडून गेल्या गेल्या जा

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये लॉख नेस सरोवराला (लॉख म्हणजे सरोवर) जाणार असाल, तर फॉयर्स नदीचा धबधबा भरपूर पाऊस पडून गेल्या गेल्या गाठा. कोरड्या दिवसांत हिरमोड होतो, कारण नदीचं बरंच पाणी वरच वळवलेलं असतं. १८९०च्या दशकात ॲल्युमिनियम कारखान्याच्या विजेसाठी लॉख गार्थ आणि लॉख फॅरालाइन एक करून लॉख मोर हा जलाशय झाला. आजही त्याच पाण्यावर फॉयर्सचं वीजकेंद्र चालतं. पाऊस झाला की मात्र कड्यावरून पाणी असं कोसळतं, की पाहतच राहावं!

इन्व्हरनेस शहरातून डोर्स गावामार्गे या; वर्दळीचा ए ८२ रस्ता लॉख नेसच्या पलीकडच्या काठाने जातो. धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या खड्या आणि ओल्या असतात, चांगली पकड असलेले बूटच घाला. उतरणं सोपं, परतीचा चढ दमवतो.