पहिल्या सहा हजारी शिखराआधी या चुका टाळा

दर मे महिन्यात मला तोच फोन येतो. "दादा, सिंहगड पन्नास मिनिटांत चढतो. जुलैत कांग यात्से टूला चाललोय. बूट कुठले घेऊ?" बुटांचं नंतर बघू. मी आधी विचारतो की एकूण रजा किती दिवसांची आहे. "आठ दिवस" हे उत्तर आलं की पोटात गोळा येतो.

कांग यात्से टू हे लडाखच्या मारखा खोऱ्याच्या डोक्यावरचं साधारण ६,२५० मीटरचं शिखर. २०२० मध्ये लडाखमधलंच स्टोक कांगरी शिखर चढाईला बंद झालं आणि पहिलं सहा हजारी शिखर करायला निघालेले आपल्याकडचे बरेच जण इकडे वळले. सोबत गाईड असतो, घोडे असतात, गरम जेवण तंबूत येतं. त्यामुळे आपण फक्त चालायचं, बाकी सगळं त्यांनी बघायचं, असं नव्या मुलांना वाटू लागतं. गाईड वाट दाखवेल, दोर लावेल, पण तुमच्या वाटचा श्वास तो घेणार नाही.

दिवस वाचवायला जाऊ नका

दमसास चांगला असणं वेगळं आणि विरळ हवेची सवय होणं वेगळं. मॅरेथॉन पळणारी माणसं लेहमध्ये आडवी झालेली मी पाहिली आहेत. पाय दणकट असले की माणूस भराभर वर जातो आणि शरीर मागे राहतं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे जगायला श्वासाची लय बदलावी लागते, मूत्रपिंडांना रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित नव्याने मांडावं लागतं, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्या लागतात. याला दिवसच लागतात. सिंहगडाच्या फेऱ्या वाढवून ते दिवस कमी होत नाहीत.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच जागी करायचा, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. विमानाने लेहला उतरताना तो पहिल्याच सकाळी मोडतो, कारण तुम्ही थेट ३,५०० मीटरवर असता. म्हणून मी लेहमध्ये तीन रात्री काढतो. पहिले दोन दिवस बाजारापर्यंत जाऊन यायचं, एवढंच. "मोकळाच आहे दिवस" म्हणून पहिल्याच दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड गाठणाऱ्यांचा मला राग येतो. मारखा खोऱ्यात हल्ली गाडी बरीच आत जाते. तिचा फायदा घेऊन दोन मुक्काम गाळणारा कार्यक्रम स्वस्त पडतो, पण मी कुणालाही तो घ्यायला सांगणार नाही.

डोकं दुखतंय हे लपवू नका

काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण होतो. त्यात पुण्याचा एक चोवीस वर्षांचा मुलगा, वर्षभर पैसे साठवून आलेला. बेस कॅम्पच्या खालच्या निमालिंगच्या कुरणात पोचलो तेव्हापासून त्याचं डोकं ठणकत होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गाईड वर नेणार नाही, ही भीती. गुपचूप वेदनाशामक गोळ्या घेत राहिला. जेवायच्या तंबूत ताट समोर आलं की "मघाशी बिस्किटं खाल्ली" म्हणायचा. दोन रात्री तो माझ्याच तंबूत होता आणि मी त्याला सरळ विचारलं नाही, याची बोच मला आजही आहे.

बेस कॅम्प पाच हजारांच्या जरा वर. रात्री अकराला निघायचं होतं. साडेआठच्या सुमारास तो बाहेर आला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. पाच मिनिटं झाली तरी गाठ बसेना. उठून चालू लागला तर दारू प्यायल्यासारखा झोकांडला. मी हेडलॅम्पच्या उजेडात त्याला टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो पडला. मेंदूला सूज येऊ लागली की तोल असा जातो. गाईडने सकाळची वाट पाहिली नाही. मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं, घोडा मागवला आणि तो, त्याचा मदतनीस आणि मी मुलाला घेऊन अंधारात उतरू लागलो. निमालिंगलाही थांबलो नाही, खालच्या हांकर गावाच्या दिशेने उतरतच राहिलो. उजाडल्यावर त्याने चहा मागितला आणि विचारलं, "दादा, आपण कुठे आहोत?" तो चहा मागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

वर राहिलेल्या पाच जणांचा शिखराचा दिवस गेला, कारण गाईड खाली होता. त्यांनी त्या मुलाला एका शब्दाने बोल लावला नाही. पण निमालिंगलाच बोलला असता तर एक मुक्काम जास्त करून कदाचित सातही जण चढलो असतो.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी प्रत्येकाला चार प्रश्न विचारतो: डोकं दुखतंय का, किती जेवलास, झोप लागली का, लघवी नीट होते का. वेदनाशामक गोळी घ्यायला माझी हरकत नाही, पण गाईडला सांगून घ्यायची. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आला म्हणजे वर जायची परवानगी मिळाली, असं समजू नका. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवा आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. ती घेतली म्हणून दिवस कमी करू नका. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, तर फुप्फुसांत पाणी होतंय असं धरा आणि त्याच घटकेला खाली निघा, रात्र असो की बर्फ पडत असो.

सामानाची ओळख शिखराच्या रात्री करू नका

भाड्याचे बूट आणि भाड्याचे क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे खिळे) एकमेकांना बसतात का, हे लेहच्या दुकानातच पाहायचं. पायात घालून, पट्टे आवळून, पाय आपटून. रात्री एक वाजता उतारावर क्रॅम्पॉन निसटला की तो बसवायला हातमोजे काढावे लागतात आणि बोटं दहा मिनिटांत बधिर होतात. मी जाड हातमोजे घालूनच हार्नेस (कमरेचा पट्टा) चढवायचा, कॅरॅबिनर (दोरात अडकवायची कडी) उघडायचा, जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) दोरावर लावायचा सराव घरी जिन्याच्या कठड्याला दोर बांधून करतो. दोराचा टप्पा बदलताना आधी सेफ्टीचा कॅरॅबिनर पुढच्या दोरात, मगच जुमार काढायचा. हा क्रम हाताला झोपेतही आठवला पाहिजे. हातमोजे दोरीने मनगटाला बांधा. वाऱ्यावर उडालेला मोजा परत मिळत नाही.

पाण्याची नळी गोठते. बाटल्या न्या आणि उलट्या ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो.

हेडलॅम्पच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये.

काळा चष्मा ढगाळ हवेतही काढू नका.

सरावासाठी वेळ लावून पळणं सोडा. सिंहगडाची चढाई जेमतेम ६०० मीटरची आहे. कांग यात्सेच्या शिखराच्या दिवशी त्याच्या जवळजवळ दुप्पट चढावं लागतं, तेही अर्ध्या श्वासात. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून बारा-पंधरा किलो घ्या, सावकाश चढा, वर पाणी ओतून द्या म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. खाली येऊन लगेच दुसरी फेरी. चढताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

पायऱ्या गाळू नका

एक सहा हजारी झालं की पुढच्याच वर्षी आठ हजारीची चौकशी सुरू होते. मी अशांना आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायला सांगतो. उत्तरकाशीची नेहरू संस्था, दार्जिलिंगची १९५४ ची संस्था, मनालीची संस्था, कुठूनही. महिनाभराची रजा मिळत नाही, हे कारण मला पटत नाही. आठ हजारी मोहिमेला याहून जास्त दिवस लागतात. कोर्सनंतर एखादं तांत्रिक सहा हजारी, मग सतोपंथ किंवा नूनसारखं सात हजारी. मोहिमेत दुसऱ्याने लावलेल्या दोरावर चढून आलेल्या माणसाला स्वतःला कुठे थांबायचं ते कळत नाही आणि ते कळायला दोन-तीन मोसम जातात.

परतीची वेळ निघायच्या आधी गाईडकडून ठरवून घ्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा. कांग यात्सेवर मी सकाळी नऊ धरतो. त्यानंतर ऊन लागून बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततात आणि उतरायची निम्मी ताकद तिथेच जाते. शिखर शंभर मीटरवर दिसत असलं तरी नऊला वळायचं.