न्हावा शेवाचा व्यापार ‘वाढला’, हे कसं वाचायचं

मार्च संपला की आमच्या घरच्या ग्रुपवर बातमी पडतेच: जेएनपीएचा (न्हावा शेवाचं बंदर चालवणारं प्राधिकरण) विक्रम, व्यापार अमुक टक्क्यांनी वाढला. लगेच धाकट्याचा मेसेज, "ताई, तू त्याच लाइनीत ना, खरंय का?" मी 22 वर्षं बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटाकडे कागद करते. शिपिंग बिलं म्हणजे निर्यातीचे कस्टमचे कागद, बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचे, दिवसभर हेच. तर असली बातमी मी कशी वाचते ते सांगते.

आधी बघायचं, मोजलंय काय. बंदर कंटेनर मोजतं, टीईयूमध्ये. वीस फुटी म्हणजे एक, चाळीस फुटी म्हणजे दोन. जहाजावर चढलेला रिकामा कंटेनरही त्यात धरतात. त्यामुळे टीईयू वाढले म्हणजे माल तेवढाच वाढला, असं समजायचं नाही.

मग आधीचं वर्ष काढायचं. 2021-22 मध्ये जेएनपीएनं 56.8 लाख टीईयू हाताळले, वाढ 21 टक्क्यांच्या वर. टाळ्या पडल्या. पण आदल्या वर्षी कोविडनं आकडा 46.8 लाखांवर आणला होता आणि त्याच्याही आधी, 2019-20 मध्ये, तो 50.3 लाख होता. म्हणजे दोन वर्षांची मिळून वाढ जेमतेम 13 टक्के! उलट 2023-24 चे 64.3 लाख 2024-25 मध्ये 73 लाख झाले. ही साडेतेरा टक्के वाढ एकाच वर्षातली, आणि आधीचं वर्ष पडलेलं नसताना झालेली. मला विचाराल तर मोठा मथळा हिला हवा होता.

रुपयांतला आकडा असेल तर जास्त जपून. नवीन असताना मी साहेबांना ठणकावून सांगितलं होतं, की विमानानं जाणारा माल रुपयांत एवढा, म्हणजे सहारला, मुंबई विमानतळाच्या कार्गोला, आपल्यापेक्षा जास्त काम असणार. साहेब काही बोलले नाहीत, टेबलावरचं आगपेटीएवढं खोकं दाखवलं आणि म्हणाले, एवढ्यात हिरे असतील तर किंमत कर. एक किलो म्हणजे 5000 कॅरेट. आणि खाली यार्डात कांद्याचा चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड कंटेनर, उभा, 28-29 टनांचा, त्याला प्लग, ड्रायव्हर, तपासणी, सगळा लवाजमा. तेव्हापासून समुद्राची आणि हवेची तुलना मी रुपयांत करत नाही. समुद्राची समुद्राशी, हवेची हवेशी.

डॉलरही बघायचा. 2021-22 मध्ये तो सरासरी साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास होता, पुढच्या वर्षी 80 च्या वर गेला. एक पेटीही जास्त न पाठवता निर्यात रुपयांत फुगते ती अशी. आयातीत आणखी एक गोम आहे. आपल्याकडे निर्यात एफओबी धरतात, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची किंमत, आणि आयात सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून. भाडं चढलं की आयात ‘वाढते’.

बंदराप्रमाणे किमतीचा तक्ता हातात आला तर दिल्लीच्या तुघलकाबादसारखे कोरडे डेपो, म्हणजे समुद्रापासून लांब, कस्टमचं काम होणारे कंटेनर डेपो, वेगळे शोधायचे. दिल्लीकडचा काही माल रेल्वेनं येऊन न्हावाहून जहाजावर चढतो, पण शिपिंग बिल तिकडं फाइल झालेलं असतं. कंटेनर आमच्या खात्यात, किंमत त्यांच्या.

राहिलं सहार. तिथलं वजन वाढलं की मी आधी जहाजांची चौकशी करते. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. तयार कपड्यांच्या ज्या पार्ट्या एरवी कंटेनरशिवाय बोलत नाहीत, त्या सीझन हुकेल म्हणून एअरचे रेट विचारायला लागल्या. त्या महिन्यांत आमच्या टेबलावर एअर वेबिलं, म्हणजे विमानानं जाणाऱ्या मालाचे कागद, वाढली होती आणि पार्ट्यांचे चेहरे उतरलेले होते.