सोसायटीच्या दप्तरातून गावाचा इतिहास कसा लिहावा

सहकारावर उभ्या राहिलेल्या लहान शेतकरी गावाचा इतिहास लिहिताना बहुतेक जण विविध कार्यकारी सोसायटीच्या नोंदणीच्या तारखेपासून आरंभ करतात. नाशिक जिल्ह्यात तरी तो पाण्यापासून करावा, असे माझे ठाम मत आहे. पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 सालचा, पण मोसम-गिरणेच्या खोऱ्यांतील फड पद्धती त्याहून कितीतरी जुनी आहे. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत वाटायचे, एका फडात शक्यतो एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने ठरल्या पाळीने पाणी फिरवायचे, ही शिस्त गावांनी स्वतःच लावून घेतली होती. म्हणून आधी एखाद्या जाणत्या शेतकऱ्यासोबत बंधाऱ्यापासून शेवटच्या चारीपर्यंत चालत जावे आणि कोणाची पाळी कोणानंतर येई, ते जागेवरच टिपून घ्यावे. टोकाच्या शेतकऱ्याला अधिक वेळ द्यावा. ओझर येथे वाघाड कालव्यावरील पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, त्या टोकापर्यंत पाणी पोहोचत नव्हते म्हणूनच.

यानंतर सोसायटीचे दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवांकडे रीतसर अर्ज करून सभासद नोंदवही आणि सभांचे प्रोसिडिंग बुक पाहावे. ‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांवर विसंबू नये. त्याआधीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती का, सूचक आणि अनुमोदक दर वेळी त्याच दोन घरांतले आहेत का, हे पाहिल्यावाचून त्या ठरावाचा अर्थ लागत नाही. जुन्या पानांवर ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहिलेले आढळते. फिकट जांभळ्या शाईतल्या त्या ठशाशेजारी दस्तुर, म्हणजे लिहिणाऱ्याचे हस्ताक्षर, कोणाचा आहे, तेही उतरवून घ्यावे, कारण गावात लिहिता हात कोणाचा होता, हे त्यावरून कळते.

जमिनीसाठी फेरफार नोंदी, म्हणजे मालकी-हक्कातील बदलांच्या नोंदी, पाहाव्यात. मात्र विखुरलेले तुकडे एकत्र करणाऱ्या एकत्रीकरण योजनेनंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे दोन्हींचा मेळ घातल्याशिवाय एकही विधान करू नये. माझ्या पहिल्या मसुद्यात याच चुकीने एका घराची विहीर दुसऱ्याच्या नावावर गेली होती.

ज्या स्त्रियांच्या नावावर जमीन नव्हती, त्या सभासद नोंदवहीत सापडत नाहीत; त्यांच्याकडे स्वतंत्रपणे जावे. सन विचारू नये, ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असे विचारावे. छपाईपूर्वी मसुदा पारावर मोठ्याने वाचून दाखवावा आणि दुरुस्त्यांसाठी प्रत्येक पानावर रुंद समास सोडावा.