मेअखेरच्या सोमवारी ‘हॅपी’ म्हणू नका

डॅलसच्या आसपास नव्यानं राहायला आलेली मंडळी भेटली की चांगली मेथी कुठं मिळते आणि लायसन्सची परीक्षा कशी असते, हे आधी विचारतात. सणांचं कुणी विचारत नाही. सोमवारची सुट्टी म्हणजे गाडी काढून भटकायचं, नाहीतर मागच्या अंगणात कणसं भाजायची. मीही तेच करत होतो.

पहिल्याच वर्षी मेमोरियल डेच्या सकाळी शेजारच्या आजोबांना कुंपणावरून मोठ्या उत्साहात ‘हॅपी मेमोरियल डे!’ म्हटलं. ते कसनुसं हसले आणि आत गेले. त्यांचे थोरले भाऊ व्हिएतनामहून परतले नव्हते, हे मागाहून आजींकडून कळलं. कुणाच्या वर्षश्राद्धाला जाऊन शुभेच्छा देऊन यावं, तसं मी केलं होतं.

म्हणून एवढं पक्कं डोक्यात ठेवा. मे महिन्याचा शेवटचा सोमवार, म्हणजे मेमोरियल डे, युद्धात प्राण गमावलेल्यांचा. यादवी युद्धातल्या सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहण्याच्या प्रथेतून तो आला; १८६८ साली ३० मे हा दिवस त्यासाठी ठरला होता. ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे मात्र सैन्यात नोकरी केलेल्या सगळ्यांचा, हयात असलेल्यांचासुद्धा. पहिलं महायुद्ध १९१८ साली त्या तारखेला थांबलं. आताचं नाव १९५४ पासूनचं. आभार मानायचे ते त्या दिवशी.

आजोबांच्या अंगणात उंच खांब आहे. मेमोरियल डेला सकाळी ते झेंडा आधी थेट टोकापर्यंत चढवतात, मग सावकाश अर्ध्यावर आणतात. दुपारी बाराच्या ठोक्याला पुन्हा बाहेर येतात आणि पुन्हा वरपर्यंत नेतात. शोक दुपारपर्यंतच, असा नियम आहे. त्या वेळी मी गवत कापायचं यंत्र बंद ठेवतो. मात्र ज्या देशात झेंड्याचे एवढे नियम, तिथंच चार जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, त्याच झेंड्याच्या नक्षीची चड्डी घालून लोक बार्बेक्यू करतात. दचकू नका.

‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ हे मला बरीच वर्षं दिखाऊ वाटायचं. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पेन्शनीत आलेला फौजी कुठल्याही हुद्द्याचा असो, ‘काय मेजर, चहा घेणार का?’ एवढाच मान. इथं दुकानातला पोरगाही आभार मानतो. तुम्हीही माना, पण तिथंच थांबा. ‘तुम्ही कुणाला मारलंत का?’ असं पोरं विचारतात, त्यांना आधीच घरी समजावून ठेवा. शिवाय १९७३ पर्यंत इथं सक्तीची भरती होती. त्या वयाचा माणूस हौसेनं गेला की त्याला धाडला, हे आपल्याला काय ठाऊक?

चार जुलैचं फार सांगण्यासारखं नाही. बऱ्याच शहरांच्या हद्दीत घरी फटाके उडवायला बंदी असते, म्हणून शहरानं ठेवलेली आतषबाजी बघायला जा. दिवाळीची हौस तिथं भागवू नका, दंड होतो. आमचे आजोबा त्या रात्री टीव्ही मोठा लावून बसतात. राष्ट्रगीताला उभं राहा, टोपी काढा; छातीवर हात ठेवलाच पाहिजे असं नाही, आपलं सावधान चालतं.

आता बंदुकीचं. सुट्टीच्या दिवशी ऑफिसातलं कुणीतरी प्रेमानं म्हणतं, ‘चल, रेंजवर जाऊ.’ रेंज म्हणजे नेमबाजीची जागा. बंदूक बाळगणं हा इथं १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनं दिलेला हक्क, आणि टेक्सासात त्याचा अभिमान उघड दिसतो. पण एच-वन या नोकरीच्या व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्यानं बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे अपवाद थोडे आहेत. रेंजवर भाड्यानं हातात घेणंही त्यात येऊ शकतं, आणि त्यापायी ग्रीन कार्ड अडकू शकतं. ‘व्हिसावर आहे, वकिलाला विचारतो’ म्हटलं की कुणी रागावत नाही. ग्रीन कार्डानंतर सहसा ही आडकाठी नसते. मग घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी घेतली नाही.

मुलांना मित्राकडे खेळायला पाठवताना मात्र बेधडक विचारा: घरात बंदूक आहे का, कुलपात असते का? मला हे विचारायला दोन वर्षं जीभ रेटली नाही. कुत्रा आहे का, हे जसं विचारतो त्याच सुरात विचारायचं. बंदुका असलेली माणसं तर उलट खूश होतात, तिजोरी दाखवायला नेतात.

दसऱ्याला आम्ही आजोबांना बोलावतो. पाटावर विळी, कात्री, पेचकस आणि माझा लॅपटॉप मांडलेला बघून त्यांनी पहिल्या वर्षीच विचारलं, ‘माझी आणू?’ बायकोनं माझ्याकडे बघितलं. ते कुलूप लावलेली लांब पेटी घेऊन आले. तिनं पेटीवरच हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान म्हणून अंगणातलं एक पान ठेवलं आणि त्यांनी किल्ली खिशातून काढायच्या आत जिलबीची ताटली त्यांच्या हातात दिली.